कोपऱ्यावरचे दुकान : मुंबई-पुण्यातील इराणी कुटुंबांच्या हॉटेल व्यवसायाचा एक अभ्यास

प्रस्तावना

परदेशातून आलेल्या कुटुंबाने अनोळखी शहरात लहानसे दुकान थाटावे, घरातील सर्वांनी त्यात राबावे आणि दोन-तीन पिढ्यांत त्या शहराच्या जीवनाचा भाग व्हावे, हा विषय निघाला की बहुधा अमेरिकेतील इटालियन कुटुंबांची उदाहरणे दिली जातात. इटालियन व्यावसायिक भारतातही आले होते. फेदेरिको पेलिती १८६९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या पदरी मिठाई व केक बनविणारा कारागीर म्हणून आला आणि पुढे कलकत्ता व सिमला येथे त्याची उपाहारगृहे नावारूपास आली. मुंबईच्या फोर्ट विभागातील माँजिनी बंधूंची पेढीही इटालियनच होती. ती पुढे खोराकीवाला कुटुंबाकडे गेली. आज केकच्या दुकानांवर दिसणारे ते नाव मूळचे एका इटालियन कुटुंबाचे आडनाव आहे, हे बहुतेक ग्राहकांना ठाऊकही नसते. या पेढ्यांचा ग्राहक प्रामुख्याने गोरा साहेब व त्याच्या वर्तुळातील धनिक वर्ग होता. त्यामुळे मराठी माणसाच्या नित्य जीवनाशी त्यांचा संबंध फारसा आला नाही.

ज्यांच्याशी तो आला ते परदेशी दुकानदार म्हणजे इराणी. गिरणीकामगार, गोदीतील हमाल, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, नाटकवाले आणि वृत्तपत्रवाले अशा सर्वांनी इराण्याच्या हॉटेलात चहा घेतलेला आहे. या हॉटेलांवर मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. अरुण कोलटकरांच्या कवितेत ते आले, आणि धोबी तलावाच्या बास्तानी हॉटेलातील सूचनाफलकावरून निसिम इझिकेल यांनी १९७०च्या दशकात इंग्रजी कविता रचली. मात्र हे बहुतेक लेखन टेबलाच्या ग्राहकाकडील बाजूने झालेले आहे. प्रस्तुत निबंधात गल्ल्याच्या पलीकडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रश्न मर्यादित आहे : हे दुकान चालविणे त्या कुटुंबाला कसे परवडले, आणि पुढे ते का परवडेनासे झाले?

यझ्द-केरमानहून मुंबईस

मुंबईत पारशी आणि इराणी हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, ते इतिहासाच्या दृष्टीने योग्य नाही. पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. ज्यांना आपण इराणी म्हणतो ती कुटुंबे मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली. त्यांतील बहुसंख्य जरथुष्ट्री असून यझ्द व केरमान या शहरांच्या परिसरातील खेड्यांतून आलेली होती. काही इराणी मुसलमान आणि बहाई कुटुंबेही या व्यवसायात होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मायदेश सोडण्याची कारणे त्या काळच्या इराणच्या परिस्थितीत होती. काजार राजवटीत जरथुष्ट्रींना जिझिया कर द्यावा लागे. घोड्यावर बसणे, घर उंच बांधणे, पोशाखाचा रंग निवडणे यांवरही निर्बंध होते. मुंबईच्या पारशांनी स्थापन केलेल्या साहाय्यक मंडळाने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठविले, तेव्हा तेथील जरथुष्ट्रींची लोकसंख्या अवघी सात हजारांच्या आसपास उरली होती. हातारियांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये शाह नासिरुद्दीन याने जिझिया रद्द केला. तत्पूर्वी १८७०-७२च्या भीषण दुष्काळाने यझ्दचा परिसर होरपळून निघाला होता. कायदा बदलला तरी पोट भरण्याचा प्रश्न उरलाच, म्हणून जिझिया उठल्यानंतरही स्थलांतर थांबले नाही. उंटांच्या तांड्याबरोबर बंदर अब्बासपर्यंत आणि तेथून जहाजाने मुंबईस, असा हा मार्ग होता.

मुंबईत पारशी समाजाचे छत्र होते, पण ते समान पायरीवरचे नव्हते. आलेले अनेक इराणी तरुण प्रथम पारशी घरांत नोकर म्हणून राहिले. संध्याकाळी हे नोकर एकत्र जमत, गावाकडच्या गप्पा करीत, त्यांतील एकाने चहा करून प्रत्येकाकडून पैसा घेतला आणि त्यातून हॉटेल निघाले, अशी एक कथा सांगितली जाते. कथेतील तपशील कसाही असो, तिचे मर्म खरे आहे. या व्यवसायाचा उगम नोकरीतून सुटण्याच्या इच्छेत होता. कायद्याने त्यांना पारशी समाजात गणावे की नाही, या प्रश्नाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभाई या प्रसिद्ध दाव्यात लागला. इराणहून तात्पुरते वा कायमचे आलेले जरथुष्ट्री इराणी हे पारशी समाजाचेच घटक होत, असे न्यायमूर्ती दावर यांनी म्हटले. परंतु न्यायालयाने एक म्हटले तरी घराघरांतील अंतर लगेच मिटत नाही. 'इराणी' हा शब्द पारशी तोंडी कित्येक वर्षे किंचित खालच्या सुरात उच्चारला जात असे.

सर्वच इराणी चहाकडे वळले असेही नाही. अनेकांनी ताडीची दुकाने घेतली. मेहेरबाबा या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या, पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या मेरवान इराणी यांचे वडील शेरियार हे याच यझ्द परिसरातून आलेले. त्यांचे ताडीचे दुकान होते आणि तरुण मेरवानही काही काळ त्याच धंद्यात होते. 'आलम आरा' (१९३१) हा पहिला बोलपट काढणारे अर्देशीर इराणी हेदेखील पुण्याचेच. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीच्या धंद्याचा आधार गेला. त्यानंतर चहाचे दुकान हाच अनेक इराणी कुटुंबांचा मुख्य आधार राहिला.

कोपरा आणि गल्ला

इराण्याचे दुकान इमारतीच्या कोपऱ्यावरच का असते, याचे ठराविक उत्तर असे की हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती स्वस्तात मिळाली. हे उत्तर इतके लोकप्रिय आहे की त्याची तपासणी सहसा कोणी करीत नाही. अशुभाच्या कल्पनेचा भाव कमी होण्यास हातभार लागला असेलही, परंतु कोपऱ्याचे व्यावहारिक गुण अधिक निर्णायक वाटतात. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचा ग्राहक येतो, दोन बाजूंनी उजेड व वारा येतो, आणि मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाल्यावर नाक्यावर थांबणारी गर्दी थेट दारात येऊ लागली. क्यानी (१९०४), ससॅनियन (१९१३), ग्रँट रोड स्थानकाजवळील बी. मेरवान (१९१४) यांच्या स्थापनेची वर्षे पाहिली तर ती शहराच्या वाहतुकीच्या विस्ताराशी बरीच जुळतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९३५ मध्ये हुसेन अली याक्षी यांनी काढलेले गुडलक हेही कोपऱ्याचेच दुकान. ते इतके रुजले की आज त्या चौकालाच गुडलक चौक म्हणतात.

संगमरवरी माथ्याची टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, काचेच्या बरण्यांतील खारी व नानकटाई यांचे वर्णन असंख्य वेळा आलेले आहे, ते येथे पुन्हा करीत नाही. आरशांविषयी मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शोभेखेरीज त्यांचा दुसरा उपयोग असा की गल्ल्यावर बसलेल्या एका माणसाला सर्व टेबले दिसत. वेटर ग्राहकाच्या मागून गल्ल्याकडे रक्कम ओरडून सांगे, त्यामुळे लेखी बिलाचा खर्च वाचे. गल्ल्यामागच्या फळ्यांवर साबण, दाढीची पाती, अंडी, पाव, डोकेदुखीच्या गोळ्या असा माल असे. चहाच्या कपामागे मिळणारा नफा अत्यल्प असल्याने फळीवरचा हा माल व भट्टीतून निघणारा पाव यांनी हिशेब जुळविला जाई. थोडक्यात, आपण ज्याला वातावरण म्हणतो त्यातील पुष्कळसा भाग काटकसरीचा होता.

या काटकसरीचा सर्वांत मोठा भाग म्हणजे कुटुंबाचे श्रम. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी दुकान पाचच्या सुमारास उघडावे लागे. त्यासाठी पीठ रात्रीच मळावे लागे आणि भट्टी रात्रभर पेटती ठेवावी लागे. रात्री दुकान बंद झाल्यावर गावाकडून नव्याने आलेला पुतण्या वा भाचा तेथेच बाकावर अंथरूण टाकी. त्याला पहिली काही वर्षे रोख पगार नावापुरताच मिळे, जेवण व निवारा दुकानाचा. पैसे साठले की तो दुसऱ्या एखाद्या दुकानात भागीदार होई आणि आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेई. बँकेच्या कर्जावाचून हा व्यवसाय पसरला तो असा. हिशेबाच्या वहीत या श्रमाची नोंद नसे. ती नोंद केली असती तर एक आण्याचा चहा एक आण्यास देता आला नसता, असे म्हणण्यास हरकत नाही.

जातीविषयी येथे लिहिणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्यातील खाणावळी व उपाहारगृहे मोठ्या प्रमाणात जातिधर्मानुसार विभागलेली होती. 'ब्राह्मणांचे हॉटेल' अशी पाटी ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. इराणी दुकानदार परका होता, त्याला या उतरंडीत स्थान नव्हते आणि ती सांभाळण्यात स्वारस्यही नव्हते. पैसे दिले की खुर्ची मिळे, शेजारी कोण बसला आहे हे विचारले जात नसे. मुंबईतील बाहेर जेवण्याच्या प्रथेचा अभ्यास करणारे इतिहासकार फ्रँक कॉनलन यांनीही या शहरात अशा सार्वजनिक जागांना आलेल्या महत्त्वाकडे लक्ष वेधले आहे. यामागे समाजसुधारणेचा हेतू होता असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल. गिऱ्हाईक कोणतेही असो, ते गमावणे दुकानदाराला परवडत नव्हते. परंतु परिणाम हेतूवर अवलंबून नसतात, आणि एकाच टेबलावर चहा पिण्याची सवय शहराला लागली ती पुष्कळ अंशी या दुकानांतून. स्त्रिया व कुटुंबांसाठी आडोशाच्या वेगळ्या खोल्या ठेवण्याची पद्धतही येथलीच.

एका कुटुंबाचे उदाहरण

बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया अँड कंपनी या उपाहारगृहाची हकिकत सर्वश्रुत असली तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. रशीद कोहिनूर यांनी ते १९२३ मध्ये सुरू केले. परवाना लवकर मिळावा म्हणून इंग्रजी अधिकाऱ्यांना रुचेल असे नाव निवडले, असे त्यांचे चिरंजीव बोमन कोहिनूर सांगत असत. परक्या माणसाला परक्याच राज्यकर्त्याची मर्जी राखून धंदा करावा लागत होता, हे त्या नावात नोंदले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ही जागा लष्कराने ताब्यात घेतली. कुटुंबाला ती पुन्हा मिळाली आणि व्यवसाय नव्याने उभा करावा लागला. बोमन हे किशोरवयातच वडिलांच्या हाताखाली कामाला लागले आणि नव्वदी ओलांडल्यावरही दुपारच्या जेवणाच्या वेळी टेबलाटेबलांवर फिरून ग्राहकांची विचारपूस करीत. २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या बेरी पुलावासाठी हे ठिकाण ओळखले जाते तो मात्र १९२३चा नाही. बोमन यांच्या पत्नी काही काळ इराणमध्ये नोकरीस होत्या. १९८०च्या दशकाच्या आरंभी परतताना त्यांनी तेथील झेरेश्क, म्हणजे लहान आंबट लाल फळे, घालून केलेल्या भाताची कृती बरोबर आणली आणि मुंबईच्या मसाल्यांशी तिची सांगड घातली. आज ज्याला आपण जुनी इराणी परंपरा समजतो तिचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ अशा रीतीने एका स्त्रीने, स्थापनेनंतर सहाएक दशकांनी, त्या दुकानाला दिला. गल्ल्यावरचे चित्र नेहमी पुरुषाचे असते. कुटुंबव्यवसायाच्या इतिहासात स्वयंपाकघरातील स्त्रीचा वाटा किती सहज गळतो, याचा यातून बोध व्हावा. त्या पतीपत्नींच्या सहजीवनाविषयी आपण तर्क करण्याचे कारण नाही. पण पत्नीने आणलेला भात पती पुढे जवळजवळ चाळीस वर्षे अभिमानाने वाढीत राहिला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

गोठलेले भाडे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एका चहावर तासभर बसणारा ग्राहक इराण्याला कसा परवडत होता? कुटुंबाचे बिनमोल श्रम हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर भाडेनियंत्रण कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जागेचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्या पातळीवर बांधून टाकले. शहरातील जागांचे भाव शेकडो पटींनी वाढले तरी कोपऱ्यावरच्या हजारभर चौरस फुटांचे भाडे जवळपास जागच्या जागी राहिले. इराणी हॉटेलचा निवांतपणा या कायद्याने पोसला होता, असे म्हटल्यास स्मरणरंजनात रमणाऱ्यांना ते रुक्ष वाटेल, पण आकडे तेच सांगतात. मालक मात्र इमारतीची दुरुस्ती करीना, आणि भाडेकरूकडे तेवढे भांडवल नव्हते. जुन्या इराणी हॉटेलांचे उडालेले पोपडे हे याच व्यवस्थेचे दुसरे अंग होय.

दरम्यान स्पर्धा वाढली होती. माटुंग्याच्या रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या (१९४२) उडुपी खानावळी व त्यांच्यामागून आलेली उडुपी हॉटेले शाकाहारी मध्यमवर्गाला अधिक जवळची वाटली. त्यांच्याकडे गावाकडून येणाऱ्या तरुण मनुष्यबळाचा ओघ चालू होता. इराण्यांकडचा ओघ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आटत गेला, कारण इराणमधील परिस्थिती बदलली होती आणि यझ्दचा तरुण आता तेहरानला जाऊ लागला होता. १९६४ मध्ये मुंबईची ट्राम बंद झाली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पहाटेच्या पाळीचा ग्राहकही गेला. काही इराण्यांनी परमिट रूम काढून बिअरवर धंदा तारला, काहींनी भट्टी ठेवली आणि टेबले काढली.

गिरणगावातून व दक्षिण मुंबईतून बाहेर पडलेली अनेक मराठी कुटुंबे पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकली. भाईंदर व मीरा रोडची झपाट्याने वाढ त्याच काळातील. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. आपले हे शहर मोठ्या प्रमाणात स्थलांतरितांनी घडविलेले आहे, नाक्यानाक्यावर कोणा ना कोणा परगावच्या कुटुंबाचे हॉटेल आहे, तरी जुन्या धाटणीचे इराणी हॉटेल येथे रुजले नाही. त्याची कारणे आता स्पष्ट व्हावीत. येथील दुकाने मालकी हक्काने विकली गेली, किंवा अकरा महिन्यांच्या कराराने चालू दराच्या भाड्याने दिली गेली. गोठलेले भाडे येथे कधी नव्हतेच. आणि नवे दुकान टाकण्याची उमेद असलेली इराणी पिढीही तोपर्यंत संपली होती. दक्षिण मुंबईत नोकरीस जाणारा भाईंदरचा चाकरमानी ग्रँट रोडला उतरून मावा केक घेऊन परत येई, एवढाच काय तो त्या परंपरेशी या शहराचा संबंध राहिला.

वारस

भागीदारी हे या व्यवसायाचे बळ होते, तेच पुढे दुखणे झाले. दोन किंवा तीन भागीदारांनी काढलेल्या दुकानाचे तिसऱ्या पिढीत दहा-पंधरा वारस झाले. त्यांतील एखादा गल्ल्यावर, बाकीचे नोकरीत, काही परदेशी. रोजच्या नफ्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही उरेना, आणि जागेची किंमत मात्र कोट्यवधीत गेली. १९९७च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने भाडे कायमचे गोठविण्याच्या तरतुदी मनमानी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. नव्या कायद्याने इराण्यांना रस्त्यावर आणले, हा समज बरोबर नाही. बँका व मोठ्या कंपन्यांचे संरक्षण त्याने काढले, लहान भाडेकरूचे ठेवले, आणि भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांपुरती मर्यादित केली. त्याने केलेला महत्त्वाचा बदल निराळाच होता. भाडेहक्क सोडताना वा हस्तांतरित करताना घेतली जाणारी रक्कम, म्हणजे आपली परिचित पागडी, कायदेशीर झाली. जे पूर्वी दबक्या आवाजात होई ते आता कागदावर करता येऊ लागले. पंधरा वारसांना समान वाटून घेता येईल अशी एकच वस्तू त्या दुकानात होती, ती म्हणजे जागेचा हक्क. बास्तानीसह अनेक हॉटेले एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बंद झाली, ती या पार्श्वभूमीवर.

२०१४ मध्ये बी. मेरवान बंद होणार अशी बातमी आली तेव्हा केक घेण्यासाठी ग्रँट रोडला रांगा लागल्या आणि वृत्तपत्रांत हळहळीचे लेख आले. दुकान त्यानंतरही चालू राहिले. त्या लेखांत ग्राहकांच्या बालपणाविषयी पुष्कळ मजकूर होता. पहाटे चारला उठण्याविषयी, सुटी नसण्याविषयी, गुडघ्यांविषयी, मुलांनी गल्ल्यावर बसण्यास नकार दिल्याविषयी दोन-चार ओळींपलीकडे काही नव्हते. वास्तविक त्या मुलांनी नकार द्यावा यासाठीच बापांनी त्यांना चांगल्या शाळांत घातले होते. कन्व्हेंटची फी गल्ल्यातूनच भरली गेली. डॉक्टर, अभियंता वा सनदी लेखापाल झालेला मुलगा दुकानात परतला नाही, यास व्यवसायाचे अपयश म्हणावे की कुटुंबाचे यश, हे ठरविताना आपण कोणत्या बाजूने पाहतो यावर बरेच अवलंबून आहे. ग्राहकाचे नुकसान झाले यात शंका नाही. ते कुटुंबाचेही झाले असे मात्र गृहीत धरता येत नाही.

२०१० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलच्या धर्तीवर 'दिशूम' हे उपाहारगृह निघाले आणि यशस्वीही झाले. तेथे त्याच धाटणीच्या खुर्च्या, आरसे आणि जुनी छायाचित्रे आहेत. तेथील वेटरला ठरलेल्या तासांचे ठरलेले वेतन मिळते आणि त्याचा खर्च चहाच्या किमतीत धरलेला असतो. यझ्दहून आलेल्या पुतण्याने बाकावर झोपून काढलेल्या वर्षांची किंमत धोबी तलावच्या चहात कधीच धरली गेली नव्हती.